मागे बघ, मागे!

(अंधारलेला हॉल. मुलांचा गलका.)

बाकड्यावर एक बाई बसल्या आहेत. त्यांच्या पाठीमागून भूत हळूच डोकं वर काढतं. बाईंना पत्ता नाही, पण पोरांनी पाहिलंय. सगळा हॉल ओरडतो, "मागे बघ, मागे!" बाई डावीकडून वळतात, भूत उजवीकडे सरकतं.

"कुठंय? कुणी नाही!"

"आहे!"

"नाही!"

"आहे!!"

हा ब्रिटनमधला नाताळच्या सुट्टीतला पॅन्टोमाइम, लाडानं पॅन्टो. हा शब्द ऐकला की आपल्याला मूकनाट्य आठवतं. इथं मात्र ना नट गप्प बसतात, ना प्रेक्षक.

सुरुवातीला तो बराचसा मुकाच होता. अठराव्या शतकात लंडनमध्ये जॉन रिच यांनी इटालियन सोंगांमधला हार्लेक्विन रंगवला, तो बिनबोलता. संवादांचं नाटक करायचा परवाना तेव्हा मोजक्याच नाटकगृहांकडे होता. १८०६ मध्ये जोसेफ ग्रिमाल्डींचा विदूषक 'मदर गूज'मध्ये गाजला. मग १८४३ च्या कायद्यानं परवान्याचं बंधन सैल झालं आणि पॅन्टोला वाचा फुटली. कोट्या आल्या, यमकं आली, गाणी आली.

गोष्टी सगळ्यांना पाठ असलेल्याच. सिंड्रेला, अलादीन, जॅक आणि त्याची वेल. चांगली परी नटांच्या उजव्या बाजूनं येते, खलनायक डाव्या बाजूनं, आणि तो दिसताच पोरं हुर्यो करतात. जॅकची गाय असते दोघांची: पुढचे पाय एकाचे, मागचे दुसऱ्याचे.

(आरशासमोर एक दाढीवाले गृहस्थ गालांना लाली लावताहेत.)

आणि ही डेम. पॅन्टोचा जीव हिच्यात. नायकाची आई, विधवा, कर्जबाजारी, तोंडानं फटकळ, आणि नेहमी पुरुषानंच केलेली. बालगंधर्वांना पाहताना समोर पुरुष आहे हे विसरायला व्हायचं. डेमला पाहताना ते क्षणभरही विसरायचं नसतं. लुगडं नेसलेला दशावतारातला नट ज्यांनी पाहिलाय, त्यांना हे परकं वाटणार नाही. नायकाचं काम मात्र परंपरेनं मुलगी करते.

मोठ्या शहरांत नामवंत नट असतात, आणि डिसेंबरच्या या गर्दीवर कित्येक नाटकगृहांची वर्षभराची इतर नाटकं उभी राहतात. पण पॅन्टो खरा बघावा तो गावच्या हॉलमध्ये. तिथं तो बऱ्याचदा नाताळ उलटल्यावर, जानेवारी-फेब्रुवारीच्या थंडीत होतो. तालमी मात्र पानगळीपासूनच सुरू. जुन्या पडद्यांचे झगे शिवले जातात. कुणाच्या तरी गॅरेजमध्ये महाल रंगतो. रोज दुकानात भेटणारे काका इथं राक्षस असतात, शाळेतल्या बाई परी. विनोदात शेजारच्या गावाची टर हमखास उडवायची. ती जागा संहितेत राखूनच ठेवलेली असते. मध्यंतरात चहा आणि सोडत.

बहुतेक मुलांचं हे आयुष्यातलं पहिलं नाटक. "गप्प बस" म्हणून कुणी दटावत नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. शेवटाकडे गाण्याचे शब्द लिहिलेलं कापड खाली सोडतात, हॉलचे दोन भाग करतात आणि कोण मोठ्यानं गातं याची चढाओढ लागते. आजोबा नातीच्या बाजूनं घसा फोडून गातात. दोन-चार वर्षांनी तीच नात समूहनाचात उंदीर बनून उभी असते. पुढं कधी ती नायक होते, कधी प्रकाशयोजना सांभाळते.

(रिकामा हॉल. शेवटची तालीम.)

एक जुना रिवाज अजून पाळतात. शेवटच्या दोन यमकबद्ध ओळी तालमीत म्हणायच्या नाहीत, अपशकुन होतो. आज रंगीत तालीम त्या ओळींपाशी येऊन थांबते. सगळे एकमेकांकडे बघून हसतात, दिवे मालवतात.

(उद्याची संध्याकाळ. हॉल भरलेला. पोरं खुर्च्यांवर उभी.)

डेम पुढं येते, घसा खाकरते आणि त्या दोन ओळी पहिल्यांदा म्हणते.