पान्हा आधी, वेत मागाहून

नमस्कार मंडळी. पत्रिकेवर विषय छापलाय ‘म्हशीच्या दोन वेतांमधलं अंतर’. वेत म्हणजे विण्याची खेप. तिथं मी येणारच आहे. पण ती वाट पान्ह्यावरून जाते, म्हणून आधी पान्हा.

कास म्हणजे दुधानं भरलेली पिशवी नव्हे. दूध असतं वर, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक कोषांत, आणि प्रत्येक कोषाभोवती आकसणाऱ्या पेशींची जाळी असते. रेडकानं ढुशी दिली किंवा सडावर हात फिरला की मेंदूला सांगावा जातो. मेंदूच्या तळाशी असलेल्या ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचं संप्रेरक रक्तात उतरतं, कासेत पोचतं, जाळी आवळली जाते आणि दूध सडाकडं येतं. गाईच्या कासेत पाचवा हिस्सा दूध आधीच खालच्या टाकीत उतरलेलं असतं, त्यामुळं धार लगेच लागते. म्हशीच्या टाकीत जेमतेम विसावा हिस्सा, बाकी सगळं वरच. म्हणून म्हशीला दोन-दोन मिनिटं थांबावं लागतं. पान्ह्याआधी सड ओढला तर तो रिकामाच असतो. रिकामा सड ओढला की आतलं अस्तर दुखावतं, आणि दगडीला, म्हणजे कास सुजण्याच्या रोगाला, तिथंच वाट मिळते.

आता उलटी बाजू. काठी बसली, अनोळखी माणूस बसला, गोठ्यात कुत्रं शिरलं की अॅड्रेनॅलिन हे भीतीचं संप्रेरक सुटतं. कासेच्या रक्तवाहिन्या आवळतात, ऑक्सिटोसिन पोचत नाही. आपण म्हणतो, म्हैस पान्हा चोरते. ती चोरत नाही हो, त्या घडीला तिला सोडताच येत नाही! कोल्हापूरच्या गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर जाऊन बघा. गाड्यांच्या आवाजात, गिऱ्हाइकासमोर म्हैस निवांत धार देते, कारण तिच्या ओळखीचा हात तिला लागतो.

आणि इथं लोक काय करतात? ऑक्सिटोसिनची सुई टोचतात. रेडकू मेलं की सुई, माणूस बदलला की सुई, मग रोज दोन वेळा सुईच. याबद्दल मला मनापासून राग आहे आणि तो मी आज बोलणार. हे दुखणं जुनं आहे. पूर्वी फुंका मारत, जनावराच्या जननमार्गात हवा फुंकत. तो मार्ग ताणला की शरीराला वाटतं वीण चाललीय, आणि तेच ऑक्सिटोसिन सुटतं. गांधीजींना या प्रकाराची इतकी किळस आली, की त्यांनी दूधच सोडलं. १९१९ च्या जानेवारीत ते फार अशक्त झाले होते आणि डॉक्टर दूध घ्या म्हणून बसले होते. खाटेशेजारी उभ्या असलेल्या कस्तुरबांनी विचारलं, व्रत गाई-म्हशीचं दूध न घेण्याचं आहे, मग शेळीच्या दुधाला काय हरकत? तेव्हापासून शेळीचं दूध. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ मध्ये फुंका आहे आणि जनावराला अपाय करणारं दूध वाढवायचं इंजेक्शनही आहे. दोन्ही एकाच कलमात, हे लक्षात ठेवा.

एक गैरसमजही काढून टाकू. अशा दुधानं मुली लवकर वयात येतात, असं सर्रास सांगतात. ऑक्सिटोसिन हे छोटं प्रथिन आहे, पोटात पचून जातं, आणि ते स्त्री-संप्रेरकही नव्हे. नुकसान होतं ते म्हशीचं. रोज बाहेरून मिळालं की सुईशिवाय पान्हा सुटेनासा होतो. गाभण असेल तर गर्भाशय आकसतं. एकच सुई चार जनावरांना फिरली की गळवं येतात. डॉक्टर अडलेल्या विणीत हेच औषध तपासून देतात, ती गोष्ट वेगळी.

मग करायचं काय? कोमट पाण्यानं कास धुवा, फडक्यानं कोरडी करा, मिनिटभर चोळा. प्रत्येक सडाच्या पहिल्या तीन-चार धारा काळ्या फडक्यावर घ्या, गुठळी लगेच दिसते. आंबोण, म्हणजे भिजवलेलं खाद्य, पुढं ठेवा आणि सड ताठ होईपर्यंत थांबा. मग पूर्ण मुठीनं, सहा-सात मिनिटांत धार संपवा. अंगठा मोडून पिळू नका, सडात गाठी होतात. शेवटच्या धारांत फॅट सगळ्यात जास्त असतं. डेअरीत ‘फॅट लागत नाही’ म्हणणाऱ्यांनी आधी म्हैस पूर्ण निपटली का ते बघावं. नंतर सड आयोडिनच्या द्रावणात बुडवा आणि वैरण टाका, म्हणजे ती अर्धा तास उभी राहील. सडाचं तोंड तेवढा वेळ उघडं असतं. पहिलारू म्हशीचं रेडकू चाटायच्या आधीच वेगळं करून त्याला भांड्यानं पाजलं, तर पुढं रेडकू गेल्यावर पान्हा अडत नाही. पण चीक पहिल्या दोन तासांत पाजायचाच, दिवसभरात वजनाच्या दहाव्या हिश्श्याइतका. खरवस कुणाकुणाला आवडतो? बघा, सगळे हात वर! रेडकाचं पोट भरल्यावर उरेल त्याचा करा.

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. वेतांचं अंतर. म्हैस साधारण ३१० दिवस गाभण राहते. व्याल्यावर ९० दिवसांत गाभण राहिली तर तेरा महिन्यांत पुढचं वेत. एक माज, म्हणजे गाभण राहण्याची वेळ, हुकला की २१ दिवस गेले, आणि म्हशीचा माज मुका, उन्हाळ्यात तर फारच. गाईसारखी ती उड्या मारत नाही, सोट, म्हणजे माजातला चिकट स्राव, तोही कमी, बऱ्याचदा बसल्यावर जमिनीवर दिसतो. वरचेवर थोडंथोडं मुतते, ओरडते. आणि बऱ्याच म्हशी त्या दिवशी पान्हा नीट सोडत नाहीत, दूध घटतं. आता कळलं पान्ह्यावर एवढा का थांबलो? सुईनं दूध ओढणाऱ्याला ही खूण दिसतच नाही. दूध निघालं, माज निघून गेला!

म्हणून पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात फेरी मारा. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी भरवा, म्हणजे रेतन करून घ्या, संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. गोठवलेल्या वीर्याची कांडी ३७ अंशांच्या पाण्यात ३० सेकंद, थर्मामीटर लावून. बोटानं अंदाज घेऊ नका. विताना वार (गर्भाची झिल्ली) अडकली होती किंवा सोट पांढरट, पूमिश्रित असेल तर भरवू नका, आधी उपचार. भरवल्यावर २१ व्या दिवसाच्या आसपास फिरून बघा, आणि उलटली नाही, म्हणजे पुन्हा माजावर आली नाही, तरी अडीच-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभ तपासून घ्या. विण्याआधी दोन महिने आटवा, म्हणजे दूध काढणं बंद करा. आणि धार काढणाऱ्या माणसाला, तो घरचा असो वा गडी, रोज एवढंच विचारा: आज पान्हा कसा सोडला?