तिसरा रकाना

नमस्कार मंडळी.

'माझ्या आवडत्या विज्ञानकादंबऱ्या' या विषयावर बोला, असं परदेशातल्या या आपल्या मराठी मंडळाच्या समितीनं सांगितलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. दहा पुस्तकांची यादीही केली. मग गेल्या आठवड्यात घरी एक प्रसंग घडला आणि ती यादी पार विस्कटली.

आपल्या रविवारच्या मराठी वर्गाचा गृहपाठ होता. कागदावर तीन रकाने: भूतकाळ, वर्तमानकाळ, भविष्यकाळ. आमच्या अकरा वर्षांच्या मुलानं पहिले दोन भरले होते. मी गेलो, आम्ही गेलो, ती गेली. अक्षर तिरकं, पण सगळं बरोबर. तिसरा रकाना कोरा. वर एकदाच 'जाईन' लिहून खोडलेलं, आणि खोडरबरानं तिथला कागद झिजलेला. "हा का नाही भरलास?" म्हणून विचारलं, तर म्हणाला, "आई, हा लागतच नाही. तू आणि बाबा मराठीत फक्त आधीचं बोलता. पुढचं काही असलं की इंग्लिशमध्ये बोलता."

मी त्याच्यावर ओरडले. त्याचे बाबा मध्ये पडले, मग आमचंच वाजलं. रात्री झोप येईना. त्याची पुढची शाळा, घराचं कर्ज, दहा वर्षांनी आपण कुठे असू, यातलं एक तरी वाक्य आम्ही मराठीत बोललो होतो का, ते आठवून पाहिलं. एकही सापडलं नाही.

म्हणून उठले आणि कपाटातून 'वामन परत न आला' काढलं. डॉ. जयंत नारळीकरांची ही कादंबरी तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत असताना वाचली असेल, पांघरुणात शिरून. खोल खोदकामात एक पेटी सापडते. हजारो वर्षांपूर्वीच्या एका प्रगत संस्कृतीनं ती पुरून ठेवलेली असते. तिच्यातल्या विद्येवरून आपले शास्त्रज्ञ एक यंत्रमानव घडवतात, वामन. तो हुशार आहे आणि कामाचा आहे. मग त्याला स्वतःसारखे आणखी वामन हवेसे वाटतात, आणि ती जुनी संस्कृती कशानं संपली असेल याचा अंदाज वाचणाऱ्याला हळूहळू येऊ लागतो. ऐंशीच्या दशकातली ही कादंबरी. स्वतःसारखी यंत्रं घडवणाऱ्या यंत्राची भीती आज सगळं जग बोलून दाखवतंय. आपण ती मराठीत वाचून बसलो होतो, आणि मुलांना सांगायला विसरलो.

नारळीकरांची पात्रं मला थोडी कागदी वाटतात, आणि संवाद रंगात आला की मध्येच वर्ग भरतो. तरीही माझ्यासाठी ही कादंबरी पहिल्या क्रमांकावर आहे, कारण तिच्यातली माणसं उद्याची काळजी मराठीत करतात. यंत्रमानव, प्रकाशवर्ष, कृष्णविवर हे शब्द मला पहिल्यांदा भेटले ते अशा पुस्तकांत, आणि ते मला कधी परके वाटले नाहीत.

नारळीकर १९५७ साली केंब्रिजला गेले आणि १९७२ साली भारतात परतले. जगभर नाव झालेलं होतं, इंग्रजीत काहीही लिहिता आलं असतं. त्यांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेला 'कृष्णविवर' ही कथा पाठवली, तीही 'नारायण विनायक जगताप' या नावानं. स्वतःच्या नावाची आद्याक्षरं उलटी करून. पहिलं बक्षीस त्या जगतापांना मिळालं. २० मे २०२५ रोजी नारळीकर गेले तेव्हा आपल्या गटावर श्रद्धांजलीचे निरोप दिवसभर येत होते. मीही दोन पाठवले. त्या आठवड्यात त्यांचं पुस्तक मुलासमोर उघडलं मात्र नाही.

परदेशी कादंबऱ्यांपैकी आज एकीबद्दलच बोलते, कारण ती आपली आहे. जो हाल्डेमन यांची 'द फॉरएव्हर वॉर', १९७४ सालची. लेखक व्हिएतनामच्या लढाईत जखमी होऊन परतलेले. तिचा नायक मँडेला दूरच्या ताऱ्यांवर लढायला जातो. प्रकाशाच्या जवळपासच्या वेगानं प्रवास, त्यामुळे त्याचे काही महिने जातात तेवढ्यात पृथ्वीवर वर्षं, पुढे शतकं उलटतात. घरी येतो तर घर ओळखू येत नाही, म्हणून पुन्हा लढाईवर निघून जातो. शेवटी शेवटी त्याच्या हाताखाली जे सैनिक येतात त्यांची भाषा इतकी बदललेली असते, की त्याच्याशी बोलता यावं म्हणून त्यांना त्याच्या काळची भाषा मुद्दाम शिकावी लागते.

त्या पानावर मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. भाचीचा फोन येतो तेव्हा ती माझ्याशी जरा जपून, नीट शब्द निवडून बोलते. मावशीला समजावं म्हणून. मी ज्या वर्षी निघाले त्या वर्षाची मराठी घेऊन निघाले, आणि माझं घड्याळ तिथेच थांबलं. युद्धकादंबरी म्हणून लोक ती वाचतात. मला तर ती विमानतळावर निरोप घेतलेल्या प्रत्येकाची गोष्ट वाटते.

आर्थर क्लार्क यांच्या 'चाइल्डहुड्स एंड'चं नाव यादीत होतं, तेही सांगते. मुलं आईबापांच्या समजुतीपलीकडे निघून जातात आणि आईबाप नुसते बघत राहतात, अशी ती गोष्ट. आई झाल्यापासून ती पुन्हा वाचण्याचं धाडस मला झालेलं नाही.

आता थोडं रागावते. मंडळाच्या ग्रंथालयाचं कपाट परवा उघडून पाहिलं. वरपासून खालपर्यंत ऐतिहासिक कादंबऱ्या, आत्मचरित्रं, आठवणी. त्यातली निम्मी मलाही प्रिय आहेत. पण नारळीकरांचं एक पुस्तक नाही, बाळ फोंडके नाहीत, लक्ष्मण लोंढे नाहीत, निरंजन घाटे नाहीत, सुबोध जावडेकर नाहीत. ही पुस्तकं आपणच निवडून मागवलेली आहेत, आणि समितीवर मीही चार वर्षं होते. तिसरा रकाना आपण कपाटातही कोराच ठेवलाय.

आणि इतिहासच हवा असेल तर 'गंगाधरपंतांचे पानिपत' आहे. ही कादंबरी नाही, कथा आहे, तरी आज तिला आत घेतेच. इतिहासाचे प्राध्यापक असलेले गंगाधरपंत अपघातानंतर एका वेगळ्याच जगात जागे होतात. तिथे १७६१ साली विश्वासरावांना गोळी लागलीच नाही, कानाजवळून निघून गेली. मराठे पानिपत जिंकले आणि पुढचा सगळा इतिहास दुसऱ्या वाटेनं गेला. ज्या लढाईवर आपण अडीचशे वर्षं हळहळतोय, तिच्याकडे या माणसानं 'असं झालं असतं तर?' म्हणून पाहिलं.

ती कथा मी परवा रात्री मुलाला सांगितली. मराठीत, अडखळत, 'शक्यता' आणि 'समांतर' हे शब्द शोधत. तो गप्प ऐकत होता. दिवा घालवल्यावर अंधारातून म्हणाला, "आई, मग एका जगात आपण इथे आलोच नसू ना?"

"असेल तसं एखादं."

"तिथला मी पुढचं मराठीत बोलत असेल?"

मला माझी भाची आठवली. तिकडेच जन्मली, तिकडेच वाढली, आणि मोठेपणी काय होणार हे मला फोनवर इंग्रजीतच सांगते. मी त्याच्या पांघरुणाची कड सारखी करत बसले. त्याला काय उत्तर द्यावं, मला अजून सुचलेलं नाही.