खतात सापडलेले दोन गुण

नमस्कार मंडळी. परसातल्या खताच्या ड्रमाविषयी बोला, आणि त्यातही कागदाविषयी बोला, असं मला सांगितलंय. ओल्या कचऱ्याचं खत कसं करायचं हे मी तुम्हाला नव्यानं शिकवायला नको. भाज्यांची देठं, चहाचा चोथा, केळीची सालं ड्रमात टाकणारी घरं आता आमच्या साताऱ्यात बरीच झालीत. पण त्याच ड्रमात कागद टाका म्हटलं, की बायका माझ्याकडे बघतच राहतात. "कागद? तो तर रद्दीवाल्याला!"

बरोबरच आहे. कोरडा, स्वच्छ, सपाट कागद रद्दीवाल्यालाच द्या. त्याचा पुन्हा कागद होतो, आणि ते खतापेक्षा केव्हाही चांगलं. मी बोलतेय ते त्यानं परत केलेल्या मालाबद्दल. वडापावचा तेलकट कागद, अंड्यांचे फुटके ट्रे, पावसात भिजून लोळागोळा झालेली खोकी. अंड्यांचा ट्रे तर रद्दीच्या लगद्यातूनच बनलेला असतो. दर फेरीला कागदाचे तंतू आखूड होत जातात, त्यामुळे ट्रेपर्यंत पोचलेला कागद तसा म्हाताराच म्हणायचा. त्याला ड्रमात जाऊ द्या.

आता ड्रमाला कागद कशाला हवा? खत करणारे जीवजंतू असतात ना, त्यांना एक वाटा नत्र लागलं तर पंचवीस-तीस वाटे कर्ब लागतो. स्वयंपाकघरातल्या कचऱ्यात एका वाट्याला पंधरा-वीसच वाटे कर्ब असतो. वर्तमानपत्राच्या कागदात तो दीडशेच्याही वर जातो. म्हणजे ओला कचरा हे कालवण आणि कागद ही भाकरी. नुसतं कालवण ओतत राहिलात तर ड्रमाला वास येणार, चिलटं होणार, तळाशी काळं पाणी साचणार. नुसती भाकरी टाकलीत तर वर्षभर काही हलणार नाही. एक भांडं ओला कचरा, वर एक-दोन भांडी फाडलेला कागद आणि पालापाचोळा मिळून. मूठभर उचलून पिळलं तर एखाद-दुसरा थेंब यावा, धार लागू नये. झालं, एवढंच शास्त्र.

आणि एक गोष्ट, जी मी आज दोनतीनदा सांगणार आहे. कागद फाडा, भिजवा, आणि थप्पीनं टाकू नका. थप्पीनं टाकू नका! हे मला कसं कळलं ते सांगते.

मी घरी दहावीच्या गणिताची शिकवणी घ्यायचे. बावीस वर्षं घेतली. दर जानेवारीत सराव परीक्षा. ते पेपर मुलांना दाखवायचे, चुका समजवायच्या आणि परत घेऊन ठेवायचे, ही माझी सवय. रद्दीत मात्र कधी घातले नाहीत. त्याचं कारण आहे. एकदा स्टँडवर शेंगदाण्यांची पुडी घेतली, ती उलगडली तर कुणाची तरी उत्तरपत्रिका, इंग्रजी, पन्नासपैकी नऊ. त्या पोराची लाज चव्हाट्यावर खारे दाणे घेऊन बसली होती. तेव्हाच ठरवलं, माझ्या मुलांचे पेपर पुडीत जायचे नाहीत. (खाण्याचा पदार्थ छापील कागदात बांधूच नये, हे तर वेगळंच. पण स्टँडवर कोण ऐकतंय!)

तर शिकवणी बंद केली, माळा आवरायला काढला, आणि पेपरांचे गठ्ठे निघाले. म्हटलं, ड्रम आहेच. नोव्हेंबर होता. मी हुशारी केली. गठ्ठे तसेच्या तसे, सुतळी सोडून, पिनांसकट, एकावर एक आडवे रचले. मध्ये ओला कचरा, वर शेणकाला, पुन्हा गठ्ठे. पुरणपोळ्या रचाव्यात तशा. मनात म्हटलं, पाडव्यापर्यंत खत तयार.

पाडवा झाला. शेजारचा आठवीतला मुलगा मला ड्रम उलटायला मदत करतो, त्याच्या आईनं त्याला सुट्टीत माझ्याकडे ढकललेलं असतं. आम्ही ड्रम आडवा केला. वरचा कचरा छान झाला होता, पहिल्या पावसासारखा वास येत होता. आणि मग आतून गठ्ठे बाहेर आले. जसेच्या तसे! पुठ्ठ्यासारखे घट्ट चिकटलेले. कडा काळ्या पडून झडल्या होत्या, कारण ओल आणि हवा फक्त कडेला पोचली. मध्ये कोरडं ठक्क. चार महिने खतात राहूनही पेपर तपासता आले असते. पेन्सिलीच्या आकृत्या तर अगदी ताज्या. अहो, पेन्सिल म्हणजे कर्बच, ती कुजणार कशी? बॉलपेनची शाई तेलकट, तीही हलली नव्हती. शाईच्या पेनानं लिहिलेलं असतं तर एव्हाना धुऊन गेलं असतं. मी नेहमी सांगायचे, गणितं शाईच्या पेनानं सोडवा, हाताला सावकाशपणा येतो. कुणी ऐकलं नाही, आणि त्याचा असा पुरावा निघाला.

मुलगा एक गठ्ठा सोलत बसला. सोलता सोलता म्हणाला, "बाई, ह्याला चौदा हवेत."

"काय?"

"चाळीसपैकी बारा दिलेत तुम्ही. पण बेरीज चौदा येते. चौथ्या प्रश्नाचे दोन धरलेच नाहीत."

मी चष्मा घालून पाहिलं. खरंच होतं. पान उलटलं की मागे चौथा प्रश्न, बरोबरची खूण माझ्याच हातची, आणि बेरजेत ते दोन गुण नाहीत. चाळीसला चौदा म्हणजे पास, बारा म्हणजे नापास. परीक्षा घरचीच, निकालाला काही धक्का लागला नसणार. पण त्या पोरानं घरी काय सांगितलं असेल त्या रात्री? आणि पेपर दाखवले तेव्हा तोही काही बोलला नाही. मी रागीट होते, मान्य आहे.

नाव बघायला गेले. नाव वरच्या उजव्या कोपऱ्यात लिहायची पद्धत, आणि कोपरे तेवढे कुजले होते. अक्षरावरून आठवेना. जानेवारीचा पेपर, पण कुठल्या वर्षाचा, तेही गेलेलं.

मग आम्ही दोघं पायरीवर बसलो आणि वाचता येतील त्या सगळ्यांच्या बेरजा पुन्हा केल्या. एकतीस पेपर. त्याला कॅल्क्युलेटर हवा होता, मी दिला नाही. आणखी एकच चूक सापडली, एकाला मी एक गुण जास्त दिला होता. तो काही मी कापला नाही.

संध्याकाळी सगळे पेपर हातानं फाडले, दोन बोटं रुंदीच्या पट्ट्या केल्या, बादलीत रात्रभर भिजवले, आणि ओल्या कचऱ्यात कालवून परत ड्रमात घातले. दर आठवड्याला खालीवर केलं. गणपतीपर्यंत त्यातलं एक अक्षर उरलं नव्हतं. म्हणून सांगते, फाडा, भिजवा, आणि थप्पीनं टाकू नका.

आता मला काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ होत आलीय. काय टाकायचं नाही ते भराभरा सांगते. दुकानातल्या बिलाचा तो गुळगुळीत कागद नको, त्यावर अक्षर उमटवायला रसायनांचा थर असतो. कागदी कप नको, त्याला आतून प्लॅस्टिक असतं. लग्नात स्टीलचे पेले विसळायचा कंटाळा येतो म्हणून ते आले, दुसरं काही नाही. दुधा-ताकाची, सरबताची ती चौकोनी खोकी नकोत, त्यात प्लॅस्टिकही आणि ॲल्युमिनियमही. सोनेरी, चकचकीत लग्नपत्रिका नकोत. त्यांच्यावर गणपती छापलेला असतो, त्यामुळे त्या टाकवतही नाहीत आणि ठेववतही नाहीत. छापणाऱ्यांनी साध्या कागदावर छापावं, आणि गणपती घरच्या देव्हाऱ्यात असतोच की. खोक्यावरची चिकटपट्टी सोलून काढायची. आणि हो, पिना. पिना आधी काढून घ्यायच्या. माझ्या वाफ्यातून अजून निघतायत. नमस्कार.