पापणी फडफडते तेव्हा

(दृश्य : चौथीचा वर्ग, शुद्धलेखन चालू आहे.)

तिसऱ्या बाकावरचा मुलगा बघा. डोळे मिचकावतोय, मध्येच मान झटकतोय. बाईंनी नाव घेतलं की लगेच ओ देतो. पलीकडच्या मुलीच्याही पापण्या फडफडतायत. पण तिचं पेन थांबलंय. हाक मारली, उत्तर नाही. दहा सेकंद गेले आणि ती पुन्हा लिहू लागली. वहीत दोन शब्द गाळलेत.

घरी दोघंही बोलणी खातात. तो ‘वाईट खोड’ म्हणून, ती ‘लक्ष कुठे असतं तुझं’ म्हणून.

मुलाच्या हालचालींना टिक म्हणतात. साधारण ४ ते ६ वर्षांच्या वयात त्या सुरू होतात, १०-१२व्या वर्षी जोर धरतात, पुढे बहुतेकांच्या ओसरतात. आज डोळे, महिन्याभराने खांदा, मग घसा खाकरणं. त्याला जवळ घेऊन विचारलंत, तर तो सांगेल, ‘आधी डोळ्यांत चुरचुरतं, मिचकावलं की बरं वाटतं.’ शिंक दाबावी तसं थोडा वेळ दाबताही येतं. आणि तिथेच मोठी माणसं चुकतात, ‘मुद्दाम करतो’ म्हणतात. किती अन्याय आहे हा त्या पोरावर!

मुलीला मात्र फिट येते आहे. फिट म्हटलं की जमिनीवर तडफडणारं माणूस आणि नाकाशी कांदा धरणारे शेजारी डोळ्यांसमोर येतात. ही फिट तशी दिसतच नाही. ना आधी चाहूल, ना दाबून धरता येणं. दिवसात कितीतरी वेळा येते.

ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विजेच्या लहरींचा आलेख, काढतात, पण नुसत्या ईईजीवर भिस्त ठेवू नये. फिट कधीच न आलेल्या काही मुलांच्याही आलेखात दोष दिसतो. तेवढ्यावरून टिकच्या मुलाला फिटच्या गोळ्या चालू व्हायला नकोत. काही मुलांना दोन्ही असू शकतं. म्हणून मोबाइलवर चित्रण करा. चेहरा आणि हातपाय दोन्ही दिसू द्या, चित्रण चालू असतानाच नावाने हाक मारा. झोपेतही बघा, टिक तेव्हा बहुतेक थांबतात.

(दृश्य : तपासणीची खोली.)

डॉक्टर मुलीच्या हातात भिरभिरं देतात. “फुंकत राहा, बाळा.” जोरजोरात श्वास घेतल्याने ही फिट उमटू शकते. एक मिनिट, दोन मिनिटं... भिरभिरं मंदावतं, थांबतं. ईईजीच्या पडद्यावर सेकंदाला तीन अशा टोकदार लाटा उठतात. आई हाक मारते. मुलगी तिच्याकडेच बघत असते, पण तिला ऐकू जात नाही.