जेटचं भोक

(गॅरेजचं शटर वर जातं)

कोल्हापूर. सकाळचे सात. बाहेर उसाच्या ट्रॉल्या कारखान्याकडे निघाल्यात आणि आत या मारुती 800 चं बॉनेट उघडलंय. तीन सिलिंडर, 796 सीसी, कार्बोरेटरचं, म्हणजे हवेत इंधन मिसळणाऱ्या भांड्याचं इंजिन. आजवर ते पेट्रोलवर धावलं. आता त्याला इथेनॉल पाजायचंय, म्हणजे त्या ट्रॉल्यांमधल्या उसाचंच इंधन.

मिस्त्री आधी इंजिनाला हात लावत नाहीत. आधी पाइप. हा जुना रबरी पाइप इथेनॉलमध्ये भिजत घातला होता. नव्याशेजारी धरला की दिसतं, तो कसा फुगलाय. नखानं दाबलं की खळी तशीच राहते. मग पंपाचा डायफ्राम, कार्बोरेटरची पॅकिंगं, सगळं इथेनॉल सोसणाऱ्या रबराचं बसवायचं. टाकीसुद्धा धुवायची, कारण वर्षानुवर्षांचा गाळ इथेनॉल सोडवतं आणि तो येऊन बसतो फिल्टरमध्ये.

(तळहातावर जेट)

हा मेन जेट. पितळेचा, शेंगदाण्याहूनही लहान. इंजिनाला इंधन किती मिळणार, ते याच्या भोकावर ठरतं.

1 किलो पेट्रोल जळायला साधारण 14.7 किलो हवा लागते, 1 किलो इथेनॉलला 9 किलो. इथेनॉलच्या अंगातच थोडा ऑक्सिजन असतो. म्हणून तेवढ्याच हवेत इंधन जास्त सोडावं लागतं, लिटरमध्ये जवळपास दीडपट. भोक मात्र दीडपट करायचं नाही! व्यास 20 ते 25 टक्के वाढला की वाट दीडपट मोकळी होते. मिस्त्री मशीन वापरत नाहीत. बारीक ड्रिल चिमटीत धरून बोटांनी फिरवतात. पितळेचा केसाएवढा कीस कागदावर पडतो. फुंकर. उजेडाकडे धरून एक डोळा मिटून पाहणं. पुन्हा दोन फेरे.

मग ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्यूटर किंचित फिरवून टायमिंग पुढे घेतलं जातं, म्हणजे ठिणगी थोडी लवकर पडते. इथेनॉलचा ऑक्टेन आकडा, म्हणजे अवेळी न पेटण्याची ताकद, 108 च्या आसपास, त्यामुळे इंजिन ठोके देत नाही.

(जुनी छायाचित्रं)

ब्राझीलनं हे कधीच करून दाखवलंय. 1973 च्या तेलसंकटानंतर 1975 मध्ये त्यांनी इथेनॉलचा राष्ट्रीय कार्यक्रम आखला आणि 1979 मध्ये निव्वळ इथेनॉलवरची फियाट 147 रस्त्यावर आली. धुराला येणाऱ्या वासावरून लोकांनी तिला उसाच्या दारूचंच लाडकं नाव दिलं. आपल्याकडे 2003 मध्ये पेट्रोलात 5 टक्के इथेनॉलचं मिश्रण सुरू झालं आणि 20 टक्क्यांवर पोचायला 2025 उजाडलं. नव्या गाड्यांची तयारी कंपन्या करतील. पण जुनी गाडी भंगारात जाण्याआधी ती या हातांकडे यावी, या हातांना रीतसर प्रशिक्षण आणि परवाना मिळावा, असं आम्हाला मनापासून वाटतं.

अर्थात, मायलेज पाव ते एक तृतीयांशानं घटतं, बदलाला आरटीओची मंजुरी लागते, आणि नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालाप्रमाणे उसापासूनच्या 1 लिटर इथेनॉलमागे सुमारे 2,860 लिटर पाणी लागतं.

(चावी फिरते)

थंडीत इथेनॉलची वाफ लवकर होत नाही. पहिला स्टार्टर, काही नाही. दुसरा, नाही. मिस्त्री बाटलीच्या बुचातून दोन थेंब पेट्रोल कार्बोरेटरच्या तोंडात सोडतात.

इंजिन धरतं.

कॅमेरा मॅनिफोल्डवर, म्हणजे हवा आणि इंधन इंजिनात नेणाऱ्या नळीवर आहे. वाफ होताना इथेनॉल आजूबाजूची उष्णता ओढून घेतं. इंजिन चालू असताना बाहेरून दव जमतंय, एकेक थेंब ओघळतोय. मिस्त्री तिथं बोट टेकवतात आणि आम्हालाही टेकवायला सांगतात. गारेगार.

ॲक्सिलरेटर दाबला की मात्र ते अडखळतं. इंधन अजून कमी पडतंय. गाडी बंद. मिस्त्री पान्यानं जेट परत काढतात आणि डबीतून एक नंबर मोठं ड्रिल शोधू लागतात.