लिकायोन: राखेचा माथा

ड्रोन वर चढतोय आणि अजून एकही खांब दिसला नाहीये, बरोबर? दिसणारही नाही. हे ग्रीसमधलं आर्केडिया, हा लिकायोन डोंगर, या माथ्याची उंची १३८२ मीटर. प्राचीन ग्रीकांचा विजेचा देव झ्यूस, त्याचं एवढं मोठं ठाणं, पण माथ्यावर देऊळ नाही, मूर्तीचा गाभारा नाही, माथा हीच वेदी. आणि वरचं ते काळपट टेकाड, साधारण ३० मीटर रुंद, ती नुसती माती नाहीये, कित्येक शतकं जनावरं जाळून साठत गेलेली राख आहे ती.

आता हातांकडे बघा. ट्रॉवेलने पातळ थर खरवडायचा, बादली भरायची, नोंद करायची, चाळायची, परत पुढची बादली. कंटाळवाणं वाटतं ना? पण सगळी गंमत या चाळणीतच आहे. हे नखाएवढे पांढरट तुकडे म्हणजे जळालेली हाडं, बहुतेक शेळ्यामेंढ्यांची, आणि त्यातही सारखी तीच तीच सापडतात, मांडीचं हाड, गुडघ्याची वाटी, शेपटीचे मणके. मग बाकीची शेळी गेली कुठे? खाल्ली की लोकांनी! होमरच्या काव्यात मांडीची हाडं चरबीत गुंडाळून देवासाठी जाळतात, ते इथे चाळणीत हाताला लागतं. धूर देवाला, मटण भक्तांना.

१९०३ मध्ये कुरुनिओटिस या ग्रीक पुरातत्त्वज्ञाने इथे खोदलं होतं. मग शंभर वर्षांनी, २००४ पासून, ग्रीक पुरातत्त्व खातं आणि अमेरिकेतलं अ‍ॅरिझोना विद्यापीठ मिळून परत वेदीपाशी आले, आणि जसजसं खाली गेले तसतसा काळ मागे सरकत गेला. हे उंच दांड्याच्या पेल्यांचे तुकडे मायसिनीयन काळातले, म्हणजे ग्रीसच्या कांस्ययुगातले, तीन हजार वर्षांहून जुने. काही खापरं तर थेट नवाश्मयुगातली. आणि हा काचेसारखा तुकडा बघा, वीज जमिनीत शिरली की माती वितळून असं होतं. विजेच्या देवाच्या वेदीवर हे सापडावं, म्हणजे कमालच.

हो, २०१६ मध्ये वेदीत माणसाचा सांगाडाही मिळाला, बहुधा किशोरवयीन मुलगा, इसवी सनापूर्वी ११ व्या शतकातला, कवटीचा वरचा भाग गायब. इथे नरबळी देतात अशी कुजबुज प्लेटोच्या वेळीही होती, त्यामुळे जगभर बातम्या झाल्या. पण तो बळीच होता असं अजून तरी म्हणता येत नाही.

कॅमेरा खाली आणू. हे सपाट गवताळ मैदान म्हणजे रथशर्यतींचं हिप्पोड्रोम, ग्रीसमध्ये आज डोळ्यांना दिसतं असं हे एकच. रथ इथे धावायचे आणि मान वर केली की धूर दिसायचा.

वर आता ऊन उतरलंय. दिवसाची शेवटची बादली चाळणीवर रिकामी होतेय.