नवव्या मजल्यावरचा एक खण

(दृश्य : पहाटेची वेळ. जळगाव रेल्वे स्थानकाच्या मागची वस्ती. मालगाडीचा आवाज.)

जळगावात उंच इमारत म्हटली की अजूनही आधी ‘सतरा मजली’ आठवते. महानगरपालिकेची ही प्रशासकीय इमारत शहराच्या डोक्यावर इतकी वर्षे एकटी उभी होती, की तिला वेगळ्या नावाची गरजच कोणाला भासली नाही. रिक्षावाल्याला ‘सतरा मजली’ एवढे सांगितले की पुरते. आज आपण जाणार आहोत ते घर मात्र स्थानकाजवळच्या एका गल्लीत, अकरा मजली इमारतीच्या नवव्या मजल्यावर आहे. एक दिवाणखाना, एक स्वयंपाकघर, एक झोपण्याची खोली आणि दीड मीटर रुंदीची बाल्कनी, असा या घराचा पसारा आहे. भिंतींच्या आतली जागा, म्हणजे कार्पेट क्षेत्रफळ, भरते 38 चौरस मीटर.

या गल्लीला कापसाने घडवले. अमेरिकेत 1861 ते 1865 या काळात यादवी युद्ध पेटले, तिथला कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि खान्देशच्या काळ्या मातीतल्या बोंडांना अचानक सोन्याचे मोल आले. जळगाव कापसाची मोठी पेठ झाली ती तेव्हा. युद्ध संपताच भाव कोसळून अनेक व्यापारी बुडाले, पण पेठ उठली नाही. रेल्वे दारात आलेली होती, त्यामुळे रुळांच्या कडेने सरकी काढून कापसाच्या गाठी बांधणारे जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने आणि गोदामे उभी राहिली आणि खान्देश मिलची चिमणी धुरू लागली. पुढे मिल बंद पडली. तिच्या जागेवर आज ‘खान्देश सेंट्रल’ हे व्यापारी संकुल आहे. आपली अकरा मजली इमारतही अशाच एका बंद जिनिंगच्या आवारात उभी राहिली आहे. फाटकाजवळचे कडुलिंबाचे झाड तेवढे जुन्या आवारातले आहे, आणि इमारतीच्या जाहिरातीत त्याचाच फोटो सर्वांत मोठा छापला होता.

(दृश्य : लिफ्टचे दार उघडते. घराचे दार. कुलपात किल्ली फिरते.)

या घराच्या मालकीणबाई निवृत्त शिक्षिका आहेत. माहेर अमळनेर तालुक्यातले, नोकरी जिल्हा परिषदेच्या शाळांत, आणि मुक्काम बदलीच्या गावी किंवा भावाच्या घरी. भावाने कधी काही कमी केले नाही, हे त्या आपण न विचारताच सांगतात. भावाचे घर सात खणांचे आहे.

खण हा शब्द नव्या पिढीसाठी थोडा उलगडून सांगायला हवा. खान्देशातले जुने घर धाब्याचे असे : लाकडी खांब, त्यांवर सर म्हणजे जाड तुळया, सरांवर कड्या म्हणजे आडव्या बारीक तुळया, कड्यांवर किलचन म्हणजे काटक्यांचा थर आणि सगळ्यांत वर पांढऱ्या मातीचा जाड थर. दोन खांबांमधली जागा म्हणजे एक खण, आणि घर केवढे हे खणांतच मोजले जाई. अशा घरात ओटा होता, ओसरी होती, धान्याच्या कोठ्या होत्या, बाळंतिणीची खोली होती, गुरांनाही छप्पर होते. एकट्या बाईला आतून कडी लावून बसता येईल असा खण मात्र त्यात नव्हता. बाईंनी नोकरीच्या बत्तीस वर्षांत मुलांच्या उत्तरपत्रिका ओसरीवर, धान्याच्या कोठीला पाठ टेकून तपासल्या. आम्ही घराविषयी विचारले तेव्हा त्या अहिराणीतून एवढेच बोलल्या : “हाई घर मनं शे.”

घर त्यांच्या एकटीच्या नावावर आहे, आणि त्याला थोडा हातभार कायद्याचाही लागला. 1 एप्रिल 2021 पासून महाराष्ट्रात स्त्रीच्या नावे घराची नोंदणी झाली, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत मिळते. सुरुवातीला त्या सवलतीला एक विचित्र शेपूट होते : असे घर पंधरा वर्षे कोणा पुरुषाला विकता येत नसे. 2023 मध्ये ती अट काढून टाकण्यात आली.

आता उन्हाळ्याबद्दल, कारण खान्देशात घराची खरी परीक्षा वैशाखात होते. पारा 44–45 अंशांवर जातो तेव्हा धाब्याची जाड माती दिवसभर ऊन स्वतःत जिरवत राहते आणि आतला खण बराच वेळ थंड राहतो. रात्री ती माती जिरवलेली उष्णता आत सोडू लागली की माणसे अंथरुणे घेऊन धाब्यावरच झोपायला जातात. काँक्रीटच्या चौकटीत विटांची जेमतेम भिंत असते, आणि ती पश्चिमेकडे असली तर संध्याकाळी सात वाजताही हात लावून पाहवत नाही. बाईंची झोपण्याची खोली नेमकी पश्चिमेला आहे. येथील हवा कोरडी असल्याने कूलर उत्तम चालतो, पण त्याची एक अट असते : त्याने बाहेरची हवा ओढली पाहिजे आणि आतली हवा दुसऱ्या बाजूने निघून गेली पाहिजे. जमिनीवरच्या घरात खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर ठेवला आणि मागचे दार उघडे टाकले की काम झाले. नवव्या मजल्यावर खिडकीबाहेर चाळीस-पन्नास लिटर पाण्याने भरलेली पेटी टांगायला सोसायटी परवानगी देत नाही, आणि ते योग्यच आहे. म्हणून बाईंचा कूलर बाल्कनीत उभा आहे, त्याचे तोंड दिवाणखान्याकडे आहे, आणि मे महिन्यात त्या दिवाणखान्यातच झोपतात. झोपण्याची खोली तेव्हा कपाटाची खोली होते.

पाण्याची गोष्ट उलटी आहे. शहराला वाघूर धरणाचे पाणी मिळते, पण नळ रोज येत नाहीत. जुन्या वस्तीत पाण्याचा दिवस म्हणजे टिपाडे, हंडे, मोटारीची घरघर आणि कोणीतरी घरी थांबलेच पाहिजे असा नियम. इमारतीत मात्र पाणी आधी तळाच्या टाकीत आणि तेथून पंपाने गच्चीवरच्या टाकीत जाते, त्यामुळे घरातल्या तोटीला पाण्याचा दिवस ठाऊकच नसतो. एकट्या माणसाच्या दृष्टीने लिफ्टपेक्षाही ही सोय मोठी आहे.

(दृश्य : जिना. मजल्यामजल्यांमधला मोकळा सज्जा.)

चोवीस मीटरहून उंच इमारतीत आगीच्या वेळी माणसांना थांबता यावे म्हणून मोकळा आश्रय-सज्जा ठेवावा लागतो. या इमारतीतही तो आहे, आणि आम्ही गेलो त्या दिवशी त्यात दोन सायकली, एक मोडका दिवाण आणि गणपतीच्या मखराचे थर्माकोल ठेवलेले होते. राज्याच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार अग्निशमन यंत्रणा चालू असल्याचे प्रमाणपत्र दर वर्षी जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावे लागते. मखराला प्रमाणपत्र लागत नाही.

राहिली गच्ची. तिच्यावरून बाईंचे आणि कमिटीचे वर्षभर बिनसले होते. गच्चीला कुलूप होते आणि किल्ली पदाधिकाऱ्यांकडे असे. कारण एकच सांगितले जाई : सुरक्षा. इमारतीची नोंदणी महाराष्ट्र अपार्टमेंट ओनरशिप कायदा, 1970 खाली झाली आहे. या कायद्यात प्रत्येक जण आपल्या सदनिकेचा मालक असतो आणि जमीन, जिने, लिफ्ट, टाक्या, पंप व छप्पर यांत त्याचा अविभक्त हिस्सा असतो. या कायद्याखाली नोंदणी करताना दिलेल्या इमारतीच्या घोषणापत्रात वेगळे काही लिहिले असेल तरच गोष्ट निराळी. बाईंनी घोषणापत्राची प्रत मागवली, शाळेतल्या सवयीने लाल पेनाने ओळी अधोरेखित केल्या आणि सभेत ते पान वाचून दाखवले. गच्चीविषयी त्यात वेगळे काहीच लिहिलेले नव्हते.

(दृश्य : गच्ची. सकाळचे सहा. टाक्यांमध्ये अंथरलेली जुनी लुगडी.)

उडदाचे पापड बाल्कनीत वाळत नाहीत. ऊन दोन तास येते आणि निघून जाते. ज्वारीच्या पापडांना, म्हणजे बिबड्यांना, तर दिवसभराचे कडक ऊन लागते. खालच्या मजल्यांवरच्या चौघी पाट-लाटणे घेऊन वर आल्या आहेत. जमिनीवरच्या अंगणात वाळवण राखायचे ते कोंबड्या-शेळ्यांपासून. येथे वैरी आहे वारा, आणि नवव्या मजल्याच्या सवयीने बाईंना तो आधीच माहीत आहे. लुगड्याच्या चारही कोपऱ्यांवर त्यांनी पाण्याने भरलेल्या बाटल्या ठेवल्या आहेत. एक पापड तरीही उडाला, कठड्यावरून पलीकडे गेला आणि कडुलिंबाच्या दिशेने खाली उतरला. चौघीही कठड्याशी धावल्या. बाई धावल्या नाहीत. उरलेले पापड उलटून त्यांनी दुसरी बाटली सरकवली आणि गच्चीची किल्ली पदराच्या गाठीत आहे ना, हे एकदा चाचपून पाहिले.